विकायचं कधी? एका जुन्या प्रश्नाचा आढावा

१ जुलै १८६५ हा मुंबईत शेअरच्या वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्याआधीची चार वर्षं शहराने पैशाचा असा पूर पाहिला होता की तसा पूर्वी कधी आला नव्हता. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातल्या कापसाला मुंबई बंदरात मागाल तो भाव मिळू लागला. हाती आलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला आणि त्यातून नव्या बँका, नव्या वित्तकंपन्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेचा पाचशेचा शेअर २,८५० पर्यंत चढला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली तसा कापूस कोसळला, आणि जुलैच्या पहिल्या तारखेला कोणाकडेच देणी द्यायला पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला आणि पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. ज्यांच्या नुसत्या शब्दावर बाजार हलायचा त्या प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं निघालं. दिनशा वाच्छा यांना या एका प्रकरणावर १९१० साली स्वतंत्र पुस्तक लिहावंसं वाटलं.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. युद्ध कधी ना कधी संपणार, संपलं की अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार, हे त्या काळच्या मुंबईत सगळ्यांना कळत होतं. कोणत्या महिन्यात संपणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. चक्र फिरणार हे ठाऊक असणं आणि ते कधी फिरणार हे ठाऊक असणं, या दोहोंमधलं अंतर हाच या लेखाचा विषय आहे. त्या अंतरावर गेली शंभरहून अधिक वर्षं अर्थशास्त्रज्ञ, फंड चालवणारे आणि साधे गुंतवणूकदार आपापली उत्तरं मांडत आले आहेत.

चक्राला ठरलेला काळ असतो का?

व्यापारी संकटांना काही लय असते, असं पद्धतशीरपणे प्रथम मांडणाऱ्यांत क्लेमां जुग्लर हा फ्रेंच माणूस येतो. तो पेशाने डॉक्टर होता. १८६२ साली, म्हणजे मुंबईचा ज्वर चढत असतानाच, त्याचं पुस्तक आलं. तेजी-मंदीचं एक आवर्तन साधारण सात ते अकरा वर्षांचं असतं, असं त्याच्या अभ्यासावरून मानलं जातं. पुढे जोसेफ किचिन याने मालसाठ्याचं तीन-साडेतीन वर्षांचं छोटं चक्र दाखवलं, सायमन कुझनेट्सने बांधकामाशी जोडलेलं पंधरा ते पंचवीस वर्षांचं, आणि निकोलाय कोन्द्रात्येव्हने सुमारे अर्ध्या शतकाचं. शुम्पीटरने १९३९ च्या ग्रंथात यांतली काही चक्रं एकमेकांत बसवायचा प्रयत्न केला.

हे काम मोलाचं आहे, पण विकणाऱ्याच्या फारसं उपयोगी पडत नाही. सातव्या वर्षी विकणारा आणि अकराव्या वर्षी विकणारा यांच्यामध्ये चार वर्षांची तेजी येऊ शकते, आणि तेजीची शेवटची वर्षंच सगळ्यांत वेगवान असतात.

हायमन मिन्स्की आणि चार्ल्स किंडलबर्गर यांनी घड्याळाचा नाद सोडून रोगाची लक्षणं पाहिली. मिन्स्कीचं म्हणणं असं की स्थैर्याच्या पोटातच अस्थैर्य वाढतं. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं की कर्ज देणारे आणि घेणारे दोघेही सैल होतात. आधी कर्ज घेणारा आपल्या मिळकतीतून व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडू शकतो. मग असे लोक वाढतात ज्यांना फक्त व्याज झेपतं. शेवटी असे येतात ज्यांना व्याज द्यायलाही नवं कर्ज तरी लागतं नाही तर मालमत्तेचा भाव वाढत राहावा लागतो. ही तिसरी माणसं बहुसंख्य झाली की एखादी छोटी ठिणगी पुरते. मिन्स्की १९९६ साली वारला. जगाने त्याला खऱ्या अर्थाने वाचलं ते २००८ च्या पडझडीनंतर. किंडलबर्गरच्या १९७८ च्या पुस्तकात हीच साखळी इतिहासातल्या अनेक संकटांवर लावून दाखवलेली आहे. दोघांकडून रोगाची ओळख मिळते, तारीख मिळत नाही.

आपल्या बाजाराचा आलेख पाहिला तरी हेच दिसतं. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष आणि त्या वेळचे १०० अंक धरून मोजला जाणारा सेन्सेक्स जुलै १९९० मध्ये हजारावर गेला. तिथून दोन वर्षांच्या आत, २२ एप्रिल १९९२ रोजी, तो ४,४६७ वर होता. दुसऱ्याच दिवशी सुचेता दलाल यांची रोखे घोटाळ्याची बातमी छापून आली आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली गेला. १९९४ मध्ये तो पुन्हा त्याच उंचीवर पोचला, फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या लाटेवर ५,९०० च्या पुढे गेला, सप्टेंबर २००१ मध्ये २,६०० वर आला, आणि मे २००३ मध्ये तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता. एप्रिल १९९२ च्या शिखरावर घेतलेला माणूस अकरा वर्षांनंतरही, लाभांश सोडला तर, मुद्दलाच्या खाली होता. त्यातल्या बऱ्याच काळात बँकेची मुदत ठेव दहा टक्क्यांहून जास्त व्याज देत होती.

मग पाच वर्षांच्या आत तीन हजारांचे २०,८७३ झाले (८ जानेवारी २००८), आणि चौदा महिन्यांत ८,१६० (९ मार्च २००९). नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकवीस हजार, पण त्यापुढे टिकून जायला आणखी तीन वर्षं लागली. करोनाच्या वेळी जानेवारी २०२० मधल्या बेचाळीस हजारांवरून २३ मार्चला २५,९८१, आणि त्याच नोव्हेंबरात जुनं शिखर मागे पडलेलं. एका शिखरापासून दुसऱ्या शिखराचं अंतर कधी दोन वर्षं, कधी सहा, कधी आठ. आवर्तनं आहेत, यात शंका नाही. त्यांना ठरलेला काळ नाही, यातही नाही.

‘विकूच नका’ म्हणणारे

पहिली बाजू सगळ्यांत साधी आहे. चांगला व्यवसाय घ्या आणि धरून ठेवा.

तिला दोन वेगळ्या दिशांनी आधार मिळतो. एक यूजीन फामाचा. उपलब्ध असलेली सगळी माहिती भावात आधीच उतरलेली असते, म्हणून आज विकून उद्या स्वस्तात घेण्याचा नेम पुन्हा पुन्हा लागणार नाही, असं त्याचं १९७० पासूनचं प्रतिपादन आहे. दुसरा आधार फिलिप फिशरचा. १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्याने विकायची तीनच कारणं मान्य केली: घेतानाच चूक झाली होती असं कळलं, कंपनी पूर्वीसारखी राहिली नाही, किंवा त्याहून खूपच चांगली संधी समोर आली. खरेदी नीट केलेली असेल तर विकायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही, हा त्याचा निष्कर्ष. वॉरन बफे पुढे याच वाटेने गेले, पण या वाटेचा दाखला देताना एक गोष्ट सांगायची राहून जाते. १९६९ साली बाजार महाग झालाय, आपल्याला पटेल असं काही मिळत नाही, असं म्हणून बफे यांनी आपली भागीदारी बंद केली होती.

या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा हेंड्रिक बेसेम्बिंडर यांनी २०१८ मध्ये मांडला. अमेरिकेच्या बाजारात १९२६ ते २०१६ या काळात नोंदलेल्या पंचवीस हजारांहून अधिक कंपन्या त्यांनी तपासल्या. सरकारी हुंड्यांपेक्षा जास्त जी काही संपत्ती बाजाराने निर्माण केली, ती सगळी जेमतेम चार टक्के कंपन्यांची होती. अशा एखाद्या कंपनीचा शेअर दुप्पट झाला म्हणून विकणाऱ्याचं जे नुकसान होतं, ते दहा वाईट शेअर वेळेवर विकूनही भरून निघत नाही.

पण हाच अभ्यास उलटा वाचला तर दुसऱ्या बाजूचा होतो. निम्म्याहून अधिक शेअरनी आपल्या संपूर्ण आयुष्यात हुंड्यांइतकंही दिलं नाही. म्हणजे डोळे मिटून सगळंच धरून ठेवणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा कचरा राहतो. सेन्सेक्सच्या सुरुवातीच्या तीस कंपन्यांत कुर्ल्याला पद्मिनी गाड्या बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती, चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. देशातल्या सर्वांत भरवशाच्या कंपन्या म्हणून त्यांची निवड झाली होती. निर्देशांकाने त्यांना यथावकाश बाहेर काढलं. ज्या घरांत त्यांचे कागद ‘कायमचे’ म्हणून ठेवले गेले, त्यांना कोणी तसं कळवलं नाही. संपूर्ण निर्देशांक धरून ठेवणं आणि एकेक शेअर धरून ठेवणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. निर्देशांक स्वतः विकत असतो. या वादात त्या दोहोंची सरमिसळ फार होते, असं मला वाटतं.

संपूर्ण निर्देशांकाबद्दलही जपानचा दाखला राहतोच. निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं म्हणजे नोकरीचं एक अख्खं आयुष्य.

‘महाग झालं की विका’ म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे मूळपुरुष बेंजामिन ग्रॅहम. बाजार कुठे जाणार हे सांगता येत नाही, पण तो स्वस्त आहे की महाग हे मोजता येतं, असं ते मानत. म्हणून शेअर आणि रोखे यांचं प्रमाण पंचवीस ते पंच्याहत्तर टक्क्यांच्या मध्ये हलतं ठेवावं, महाग असताना शेअर कमी, स्वस्त असताना जास्त, असा त्यांचा सल्ला. उतारवयात त्यांनी आणखी साधा नियम सांगितला: स्वस्तात घेतलेला शेअर पन्नास टक्के वाढला की विकावा, नाही तर दोन वर्षं झाली की विकावा. एकाच परंपरेत ग्रॅहम दोन वर्षं म्हणतात आणि त्यांचे शिष्य बफे जन्मभर म्हणतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रॉबर्ट शिलरने या मताला सांख्यिकीचं बळ दिलं. लाभांशात होणाऱ्या चढउतारांच्या मानाने शेअरचे भाव अवाजवी हलतात, हे त्याने १९८१ साली दाखवलं, आणि दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव तोलायची पद्धत रूढ केली. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल फामा आणि शिलर या दोघांना एकत्र मिळालं. तिसरे मानकरी लार्स पीटर हॅन्सन. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन सिद्धान्तांना एकाच वर्षी गौरवावं लागलं, यावरूनच वाद कुठे उभा आहे ते कळतं.

या बाजूची अडचण एका उदाहरणात सगळी येते. ५ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातल्या अविवेकी उत्साहाबद्दल जाहीरपणे शंका व्यक्त केली. शिलरच्या मापानेही बाजार तेव्हा महाग होता. एसअँडपी ५०० निर्देशांक ७४४ च्या आसपास होता. ते भाषण ऐकून ज्याने विकलं त्याला पुढची सव्वातीन वर्षं निर्देशांक १,५२७ पर्यंत चढताना पाहावं लागलं. शेजारी, मित्र, कचेरीतले सहकारी सगळे पैसे कमावतायत आणि आपण शहाणपणा करून बाहेर बसलोय, हे सव्वातीन वर्षं सोसणं सोपं नाही. त्यानंतर ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक ७७६ वर आला, आणि मार्च २००९ मध्ये ६७६ वर, म्हणजे ग्रीनस्पॅनच्या भाषणाच्या वेळेपेक्षाही खाली. मग १९९६ ला विकणारा बरोबर होता की चूक? दोन्ही बाजू याच आकड्यांकडे बोट दाखवतात, आणि दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

भारतात हे माप आणखी घसरतं. निफ्टीचा पीई, म्हणजे भाव आणि नफा यांचं गुणोत्तर, अठ्ठावीसच्या पुढे गेलं की विकावं, असा अडाखा २००० आणि २००८ च्या अनुभवावरून कित्येकांनी बांधला होता. २०२० मध्ये टाळेबंदीने कंपन्यांचा नफाच आटला, त्यामुळे भाव फारसे न वाढताही पीई तिशीच्या पुढे गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये चाळिशी ओलांडली. अडाखा पाळणारे बाहेर पडले, बाजार चढत राहिला. त्यात ३१ मार्च २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, आता उपकंपन्यांसकट एकत्रित नफा धरू लागले. एका दिवसात पीई काही अंकांनी खाली आला. नवं माप अधिक योग्य आहे, पण त्यामुळे वीस वर्षांच्या जुन्या आकड्यांशी तुलना करायची सोय गेली.

हॉवर्ड मार्क्स या दोन बाजूंच्या मधला मार्ग सांगतात. २०१८ च्या पुस्तकात त्यांनी असं मांडलं की पुढे काय होणार ते कळत नाही, पण आज आपण चक्रात साधारण कुठे आहोत याचा अंदाज येतो. कर्ज किती सहज मिळतंय, नव्या शेअरविक्रीला किती झुंबड आहे, हे बघावं. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या ४५० रुपयांच्या शेअरसाठी उपलब्ध संख्येच्या सुमारे ७३ पट मागणी आली. फेब्रुवारीत पहिल्याच दिवशी तो त्या भावाच्या खाली बंद झाला. लक्षणं ओळखायला याहून स्पष्ट चित्र मिळणं कठीण. तरी अशी झुंबड शिखराच्या वर्षभर आधीही दिसू शकते, हे मार्क्सही मान्य करतील.

भावाच्या मागे जाणारे

तिसरी बाजू किमतीच्या योग्यायोग्यतेत शिरतच नाही. भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या खाली गेला की विका, वर आला की घ्या. किंवा खरेदीच्या वेळीच स्टॉपलॉस, म्हणजे भाव जिथवर पडला की विकायचं ती पातळी, लावा आणि भाव वाढेल तसा तो वर सरकवत न्या. हिला अभ्यासाचा आधार नाही असं नाही. जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ साली दाखवलं की मागचे काही महिने वाढलेले शेअर पुढचे तीन ते बारा महिने सरासरीने जास्त वाढतात. मोठ्या, लांबलेल्या पडझडीत ही पद्धत माणसाला वाचवते. २००८ मध्ये तिने वाचवलं. मार्च २०२० सारख्या झटपट कोसळून झटपट सावरणाऱ्या बाजारात ती खाली विकायला आणि वर घ्यायला लावते. प्रत्येक फेरीत दलाली आणि कर जातो तो वेगळाच.

विकणाऱ्याचं मन

गेल्या चाळीस वर्षांत या वादात खरी भर पडली ती इथे.

माझे मामा गिरणीत हिशेबनीस होते. त्यांची निळ्या कापडी बांधणीची एक लांबट वही होती. कंपनी, संख्या, तारीख, खरेदी भाव, विक्री भाव असे रकाने पट्टीने आखलेले, अक्षर मोत्यासारखं. चांगल्या कंपन्यांच्या ओळी पूर्ण भरलेल्या असत: चार-सहा महिन्यांत वीस-पंचवीस टक्के सुटले की विक्री, आणि समोर हिरव्या पेन्सिलीची बारीक खूण. १९९२ च्या मार्च-एप्रिलमध्ये घेतलेल्या सात-आठ ओळींत शेवटचा रकाना रिकामा होता. तिथे पेन्सिलीने एकच वाक्य पुन्हा पुन्हा: ‘मुद्दल सुटलं की.’ रोज सकाळी वर्तमानपत्रातलं भावांचं पान उघडून ते फक्त त्या ओळी तपासायचे. त्यांतल्या तीन कंपन्यांचं मुद्दल कधीच सुटलं नाही, कारण पुढे त्या कंपन्याच राहिल्या नाहीत. कागद अजून कपाटात आहेत. गिरणीच्या हिशेबात पैचीही चूक न करणारा तो माणूस होता.

मामांच्या वहीत जे होतं त्याला शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ साली शास्त्रीय नाव दिलं. नफ्यातलं लवकर विकायचं आणि तोट्यातलं कवटाळून बसायचं, ही ती प्रवृत्ती. तिच्यामागे कानमन आणि ट्वर्स्की यांचा १९७९ चा सिद्धान्त आहे: तोट्याची वेदना तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या सुमारे दुप्पट असते. टेरन्स ओडीनने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका दलाली पेढीची दहा हजार खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्यांपेक्षा जवळपास दीडपट प्रमाणात विकत होते, आणि विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षात, ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरीने ३.४ टक्के अंकांनी जास्त वाढले. खरेदी भाव हा फक्त आपल्याला माहीत असतो. बाजाराला तो माहीत नसतो, कंपनीला त्याच्याशी कर्तव्य नसतं. तरी विक्रीचा निर्णय आपण त्याच एका आकड्याभोवती फिरवतो.

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. ७८३ संस्थात्मक पोर्टफोलिओंच्या लक्षावधी व्यवहारांवर आधारलेला एक अभ्यास आधी २०१८ मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये अंतिम रूपात आला. त्यात दिसलं की हे जाणते व्यवस्थापक खरेदी उत्तम करत होते. विक्री मात्र इतकी वाईट की त्याऐवजी हातातला कोणताही शेअर चिठ्ठ्या टाकून विकला असता तरी वर्षाकाठी अर्धा ते एक टक्का जास्त मिळाला असता. कारण असं सापडलं की खरेदीच्या वेळी ते विचार करत, विक्रीच्या वेळी खूप वाढलेलं किंवा खूप पडलेलं, म्हणजे डोळ्यांत भरणारं काहीतरी विकून मोकळे होत. नफ्याचे आकडे जाहीर होण्याच्या दिवशी, जेव्हा माहिती समोर असे, त्यांची विक्रीही चांगली ठरत होती. या संपूर्ण आढाव्यात मला सर्वांत आशादायक वाटलेला निष्कर्ष हाच. विकण्याचं कौशल्य नसतं असं नव्हे, त्याकडे लक्ष दिलं जात नाही.

बुद्धीचा यात काही उपयोग होत असता तर आयझॅक न्यूटन वाचला असता. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर त्याने चांगल्या नफ्यात विकले होते. भाव चढतच राहिले, तेव्हा तो वरच्या भावाला परत शिरला आणि मोठ्या तोट्यात गेला.

बाजाराकडे न बघता विकणारे

चौथी बाजू प्रश्नच बदलते. बाजार कुठे आहे हे विचारू नका, पैसा कशासाठी ठेवलाय ते विचारा. मुलीचं शिक्षण दोन वर्षांवर आलं असेल तर तेवढी रक्कम आजच शेअरमधून काढावी, बाजार वर असो की खाली. आणि शेअर-रोख्यांचं प्रमाण समजा साठ-चाळीस ठरवलं असेल, तर वर्षातून एकदा ते जागेवर आणावं. वाढलेलं आपोआप थोडं विकलं जातं, पडलेलं थोडं घेतलं जातं.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर हा मुद्दा फार महत्त्वाचा होतो. विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकी आकड्यांवरून दाखवलं की निवृत्तीनंतर दरवर्षी किती काढता येईल हे सरासरी परताव्यावर जितकं ठरतं, तितकंच पहिल्या काही वर्षांत बाजार पडला की चढला यावर ठरतं. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्त झालेला आणि मार्च २००९ मध्ये निवृत्त झालेला, दोघांनी आयुष्यभर सारखीच शिस्त पाळली असली तरी त्यांची म्हातारपणं सारखी नसतात.

या बाजूवरचा आक्षेप असा की ती परतावा कमी करते. लांबच्या तेजीत दरवर्षी थोडं थोडं विकणारा मागे पडतो. शिवाय आपल्याकडे करही मोजावा लागतो. २००४ ते २०१८ पर्यंत शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने एक लाखाच्या वर दहा टक्के कर आणला, आणि जुलै २०२४ पासून तो सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के झाला. शंभराला घेतलेला शेअर तीनशेला विकला आणि सूट आधीच संपलेली असेल, तर दोनशेच्या नफ्यावर पंचवीस रुपये कर जाऊन हातात २७५ उरतात. तोच शेअर परत घ्यायचा तर भाव ३०० वरून २७५ पर्यंत, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त, पडल्याशिवाय जमा-खर्च बरोबरीतही येत नाही. नफा जितका मोठा, तितकी ही पडझड जास्त लागते. समभाग आणि रोखे यांचं प्रमाण फंडाच्या आतच हलतं ठेवणारे बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड लोकप्रिय झाले, त्यामागे हे मोठं कारण आहे: आतल्या आत होणाऱ्या विक्रीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही.

न सुटलेलं

विक्री हा अर्धा निर्णय आहे. परत कधी शिरायचं हा उरलेला अर्धा. वरच्या चार बाजूंपैकी दुसऱ्या बाजूकडे याचं सर्वांत दुबळं उत्तर आहे, आणि पहिली बाजू तो प्रश्नच टाळते. जानेवारी २०२० मध्ये विकून मार्चमध्ये हात आखडता घेणारे आणि नोव्हेंबरात पूर्वीपेक्षा वरच्या भावाला परत घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं विकणं अचूक होतं.

दुसरा प्रश्न असा की चक्राचं स्वरूपच बदलतंय का. म्युच्युअल फंडांत एसआयपीने येणारी मासिक रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा पंचवीस हजार कोटींच्या वर गेली. त्याच महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी नव्वद हजार कोटींहून अधिक रकमेचे शेअर विकले, आणि देशी संस्थांनी ते झेलले. सप्टेंबर २०२४ मधल्या ८५,८३६ वरून मार्च २०२५ च्या सुरुवातीला सेन्सेक्स त्र्याहत्तर हजारांच्या आसपास आला. एवढी विक्री पूर्वी झाली असती तर घसरण याहून खोल गेली असती, असं एक मत आहे. दुसरं मत असं की नियमित हप्त्यांचा हा प्रवाह बाजार चढत असतानाच वाढलेला आहे, आणि तीन-चार वर्षं परतावा शून्य राहिला तर तो टिकेल का, याची परीक्षा व्हायची आहे. दोन्ही मतांना आजवरच्या आकड्यांत जागा आहे.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. म्हणजे आज चालू असलेल्या खात्यांतली निम्म्याहून अधिक शेवटच्या मोठ्या पडझडीनंतर उघडलेली आहेत. माझ्या मामांनी १९९२ पासून जेवढी वर्षं ‘मुद्दल सुटलं की’ म्हणत वाट पाहिली, तेवढी वर्षं यांतल्या एकाही खात्याचं वय नाही.